इतुराल्देबाई वाट बघतायत

नाही, पण मला एक सांगा, माणसाने एक हिवाळा कॅनडात काढला हा काय गुन्हा आहे का? बरं, काढला तो तरी कसा काढला... कारखान्याने भट्टीचं काहीतरी नवीन शिकून या म्हणून पाठवलं, गाव असं की दार उघडलं की बर्फ आत येतो आणि दार लावलं की खिडकीतून बघत बसतो, बोलायला माणूस म्हणजे एक घरमालकीण, ती बहिरी, आणि तिचं मांजर, ते माझ्याशी बोलायला तयार नव्हतं. रस्त्यात कोणी भेटलंच तर टोपी, मफलर आणि मधे लालबुंद नाक, यापलीकडे कॅनडाचा माणूस मी पाहिलेला नाही. एवढ्या भांडवलावर मी जपानला, आमच्या ताकाओका गावी परत आलो, आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून जगातल्या कुठल्याही देशाचा माणूस आमच्या कारखान्याच्या दारात उभा राहिला की आमचे मालक टोइडे-सान चष्मा कपाळावर चढवतात, माझ्याकडे वळतात आणि म्हणतात, "मिझुशिमा, तुम्ही कॅनडात होतात ना?"

इजिप्तचा आला, मिझुशिमा. डेन्मार्कचा आला, मिझुशिमा. एकदा तर ओसाकाचा एक व्यापारी आला होता, आपल्याच देशातला, फक्त जरा मोठ्याने हसत होता, तर त्याच्याही पुढे मलाच ढकललं. मी म्हटलं मालक, हे ओसाकाचे आहेत. तर म्हणाले, हो, पण सवय असलेला माणूस बरा.

तर माझं काम काय, की परदेशी पाहुणा मालकांसमोर यायच्या आधी त्याला स्टेशनजवळच्या खानावळवजा सरायीत गाठायचं आणि आमच्या रीतीभाती त्याच्या डोक्यात घालायच्या. व्हिजिटिंग कार्ड दोन हातांनी द्यायचं, दोन हातांनी घ्यायचं, घेतल्यावर वाचायचं... नुसतं बघायचं नाही, वाचायचं, आणि मग टेबलावर आपल्यासमोर ठेवायचं, ते मागच्या खिशात घालून खुर्चीवर बसलात तर तुम्ही कार्डावर नाही, मालकांच्या तोंडावर बसलात. दारापासून लांबची जागा पाहुण्याची. बिअर स्वतःच्या ग्लासात स्वतः ओतायची नाही, शेजाऱ्याच्या ग्लासात ओतायची आणि आपल्याला कोणी ओतेल या श्रद्धेने बसून राहायचं. संडासातल्या सपाता संडासातच काढायच्या. हे शेवटचं मी तीनतीनदा सांगतो, कारण डेन्मार्कचे ते साहेब त्याच सपाता घालून थेट बैठकीत आले होते, हिरव्या रबरी, पुढे बदकाचं चित्र, आणि अख्खी बैठक आम्ही सगळे त्यांच्या पायांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होतो.

आणि आता तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. पाहुणा चुकला की आम्हाला बरं वाटतं. हो, खरंच. कारण 'नाही' हा शब्द आमच्या तोंडातून निघत नाही, लहानपणापासून कोणी काढूच दिलेला नाही, पण पाहुण्याने एखादी मोठी चूक केली की सगळं सोपं होतं, मनात म्हणायचं, बिचारा, आपल्यात बसायचा नाही, आणि मग बोलणी आपोआप थंड होतात, कोणी कोणाला काही न बोलता सुटतो. ते बदकाचे साहेब फार स्वस्तात माल मागत होते. बदकाने वाचवलं.

आमचा माल म्हणजे घंटा. देवळात टांगायच्या नव्हेत, घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यापुढच्या... पितळेची वाटी असते तशी, छोट्या रेशमी उशीवर बसवलेली, मोगरीने कडेवर हलकेच टोल द्यायचा. सकाळचा भात शिजला की पहिली मूद गेलेल्या माणसांपुढे, एक टोल, आणि तो नाद विरेपर्यंत हात जोडून बसायचं. टोइडेंच्या घराण्यात दुसरं काही कोणी केलेलंच नाही. हल्ली मात्र पोरांच्या घरात देव्हारा ठेवायला जागा नसते, घंटा कोण घेणार, त्यामुळे भट्ट्या एकेक करून विझत चाललेल्या, आणि अशात उरुग्वेहून निरोप आला की एक बाई खास आमची घंटा बघायला येतायत. मालकांनी भिंतीवरच्या नकाशात बराच वेळ शोधलं, सापडल्यावर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे कॅनडाच्या खालीच की. मिझुशिमा, तुम्ही कॅनडात होतात ना?"

खालीच. मधे जवळपास अर्धं जग.

बाईंचं नाव ग्रासिएला इतुराल्दे. आमच्या जिभेला 'ल' माहीत नाही, त्यामुळे आम्ही सगळे इतुरारुदे-सान, इतुरारुदे-सान करत दोन दिवस आधीपासून सराव करत होतो. साठी उलटलेली, ठेंगणी, पांढरे केस पोरासारखे कापलेले आणि हात मात्र पैलवानाचे. त्या हातांचं कारण नंतर कळलं, बाई सुईण. साल्तो नावाच्या गावी त्यांचं स्वतःचं प्रसूतिगृह, निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. मी सरायीत गेलो, रीतसर बसलो, घसा साफ केला आणि म्हटलं, आता आपण कार्डापासून सुरुवात करू. आणि माझं कार्ड पुढे केलं. बाईंनी दोन हातांनी घेतलं, वाचलं, वाकल्या, आणि माझ्या इंग्रजीइतक्याच मोडक्या इंग्रजीत फार नम्रपणे म्हणाल्या की मिझुशिमा-सान, अक्षरं समोरच्याला सुलटी दिसतील असं धरायचं असतं, नाही का?

मी उलटं धरलं होतं हो.

बाई जपानी रीतीभातींचं एक पुस्तक घेऊन सहा महिने तयारी करून आल्या होत्या. वाकायचं किती, कोणापुढे किती, लिफ्टमध्ये उभं कुठे राहायचं, भेटवस्तू कधी पुढे करायची, दिल्यावर 'अगदीच किरकोळ आहे' कसं म्हणायचं... सगळं. सपातांचा विषय काढायला मला संकोच वाटला, पण काढला, तर हसल्या आणि म्हणाल्या की सुईण आहे मी, कुठली पादत्राणं कुठल्या खोलीत हे मला शिकवू नका. मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, ही बाई चुकणार नाही. बायको म्हणाली, मग चांगलंच आहे की. तिला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी बैठक. मालक, मी, आणि समोर दारापासून लांबच्या जागी इतुराल्देबाई, पाठ ताठ, कार्डं टेबलावर ओळीत. चहा आला, मालकांनी घोट घेतल्यावर त्यांनी घेतला. मालक इतके खूश की चष्मा कपाळावरून खाली यायला तयार नाही. मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या गावाबाहेर एक जपानी कुटुंब आहे, तीन पिढ्या फुलशेती करतायत. त्यांच्याकडची आजी वारली तेव्हा बाई भेटायला गेल्या होत्या, आणि तिथे त्यांनी ती घंटा ऐकली. म्हणाल्या, घरात पोरं रडत होती, कुत्री भुंकत होती, आणि तो एक टोल पडला आणि सगळं घर ऐकायला लागलं. त्यांनी घंटा उलटी करून बघितली, खाली टोइडेंचा शिक्का. मी हे मालकांना सांगत होतो आणि मालकांचे डोळे ओले व्हायला आले होते. मालकांनी विचारलं, मग आपल्याला घंटा कोणत्या देव्हाऱ्यासाठी हवी आहे?

बाई म्हणाल्या, देव्हाऱ्यासाठी नाही. आमच्याकडे बाळ जन्मलं की बाहेर बसलेल्यांना कळावं म्हणून विजेची एक बेल वाजते, चोर घुसल्यासारखी. बाळाने जगात आल्यावर पहिला ऐकायचा आवाज तो? मला तिथे तुमची घंटा हवी. प्रत्येक बाळाला एक टोल.

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला कप तसाच राहिला. गेलेल्यांना हाक मारायची घंटा... आणि नुकत्याच आलेल्याच्या कानाशी? उद्या तुमच्याकडे बारशाला कोणी तिरडीचे बांबू घेऊन आला तर कसं वाटेल? मी शक्य तितकं गुळगुळीत करून मालकांना सांगितलं, पण त्यात गुळगुळीत करायला होतं काय! मालकांचा चेहरा जराही हलला नाही, फक्त चष्मा कपाळावरून आपणहून नाकावर आला. मग मालक अर्धवट वाकले आणि म्हणाले, "आपला प्रस्ताव फार मोलाचा आहे. आम्ही अगत्याने विचार करू."

आता, आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही विचारा, 'विचार करू' म्हणजे काय. म्हणजे नाही. आणि 'अगत्याने विचार करू' म्हणजे मेलो तरी नाही. यावर पाहुण्याने वाकायचं, वेळ दिल्याबद्दल आभार मानायचे, स्टेशन गाठायचं आणि घरी जाऊन पुन्हा नाव काढायचं नाही. मी बाईंना शब्दाला शब्द सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. त्या इतक्या सुंदर वाकल्या की तसं वाकणं आमच्या शाळांतही हल्ली शिकवत नाहीत, आणि म्हणाल्या, "धन्यवाद. मग मी थांबते."

मला वाटलं टॅक्सीसाठी थांबतायत.

त्या विचार होईपर्यंत थांबणार होत्या! कारण त्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं की जपानी माणूस निर्णयाला वेळ घेतो, त्याला घाई करू नये, धीराने वाट बघावी. बाईंनी विमानाची तारीख पुढे ढकलली, सरायीतली खोली वाढवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या वेळेला दारात हजर. सगळ्या रीती पाठ, चूक म्हणून एक नाही, फक्त एकच गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, की आमच्या तोंडून आलेलं सगळंच खरं धरायचं नसतं. आणि ती सांगायची कोणी? अर्थात मी. पण ही रीत आहे हेच मला कधी सुचलं नव्हतं हो, मासा काय पाण्याबद्दल बोलतो का?

मालकांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, त्यांना जरा समजवा, पण 'नाही' असं म्हणू नका, त्यांना वाईट वाटेल असं काही बोलू नका, आणि आम्ही नाही म्हणतोय असं तर मुळीच वाटू देऊ नका. मी म्हटलं मालक, मग नेमकं काय समजवू? तर म्हणाले, "तुम्ही कॅनडात होतात ना?"

दुपारी बाईंना नूडल्स खायला नेलं. म्हटलं, इतुराल्दे-सान, हे प्रकरण जरा अवघड आहे. 'अवघड आहे' म्हणजे आमच्यात अशक्य. बाई म्हणाल्या, हो, अवघड गोष्टीला वेळ लागतोच, पहिलटकरणीला कधी कधी दीड दिवस लागतो, मी थांबते. मग मी आमचा शेवटचा उपाय काढला. मान तिरकी केली आणि दातांतून हवा आत ओढली... स्स्स्स. हे ऐकून आमच्याकडे बँकेचे मॅनेजरसुद्धा उठून जातात. बाईंनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, काळजीने माझ्याकडे बघितलं, पर्स उघडली आणि एक लवंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, दुखऱ्या दाढेखाली धरा.

धरली. काय करणार? अख्ख्या जेवणात धरून बसलो.

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. बाई रिकाम्या हाताने कधी यायच्या नाहीत, कारण पुस्तक. पहिल्या दिवशी त्यांच्याकडच्या दुधाच्या घट्ट गोडाची बरणी. घेतली, म्हणजे परतभेट आली, मालकांनी ट्राउट-सुशीचा डबा दिला. त्या डब्याबद्दल बाईंनी दुसऱ्या दिवशी संत्री आणली. संत्र्यांबद्दल आम्ही कोम्बूत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पट्टीत, गुंडाळलेला मासा. त्याबद्दल त्यांनी हातरुमाल. बाजारात आमच्या माणसांची आणि बाईंची एकाच दुकानात गाठ पडायला लागली, दोघंही एकमेकांसाठी खरेदी करतायत, दोघंही न दिसल्यासारखं करून बिस्किटांच्या मागे लपतायत. दुकानदार मला म्हणाला, मिझुशिमा-सान, बाईंना अजून थोडे दिवस थांबवून ठेवा.

आणि संध्याकाळचा निरोप! पाहुण्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकून उभं राहायचं, ही साधी रीत. पण आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर हिमी लाइनचं रेल्वेफाटक आहे. टॅक्सी निघायची, आम्ही वाकायचो, आणि नेमकं फाटक पडायचं. टॅक्सी तिथेच उभी. दिसतेय. म्हणजे वाकलेलं राहायचं. आमच्याकडे त्या दिवसांत गारांचा पाऊस, वर ढग गडगडतायत, मालक सत्तरीचे, कमरेचा पट्टा लावलेला, आणि तिकडे टॅक्सीत बाई मागे वळून काचेतून आम्हाला वाकून नमस्कार करतायत, कारण समोरचा वाकलेला असताना आपण ताठ व्हायचं नाही हेही पुस्तकात. एका डब्याची ती गाडी, ती किती सावकाश जाते हे तुम्ही वाकून बघितल्याशिवाय कळायचं नाही. एका संध्याकाळी मालक वाकल्या वाकल्या जमिनीकडे बघत मला म्हणाले, "मिझुशिमा, कॅनडात अशा वेळी काय करतात?" मी म्हटलं मालक, तिथे दार लावून घेतात. म्हणाले, सुखी देश.

दिवसभर बाई बसायच्या कुठे? तर मालकीणबाईंच्या खोलीत. मालकांच्या बायकोला, फुमिए-सानना, सगळे मालकीणबाईच म्हणतात. घंटेखालच्या रेशमी उश्या त्या शिवतात. फार कमी बोलणारी बाई. इतुराल्देबाईंना नुसतं बसवेना, त्यांनी एक सुई मागून घेतली आणि शिवायला लागल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही आणि दोघींचं मजेत चाललंय. मला मधे दुभाषा म्हणून बसवलेलं, आणि मला काही कामच नाही, मी दोरे ओवून देत होतो.

आणि मग बाई चुकल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. उशीच्या शिवणीचा दोरा दाताने तोडता तोडता त्यांनी सहज विचारलं, मालकीणबाईंना मुलं किती?

तुम्हाला सांगतो, मी गारठलो. आमच्याकडे हा प्रश्न असा विचारत नाहीत, आणि त्या घरात तर कोणीच विचारत नाही. कारखान्यातल्या जुन्या माणसांना सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे कोणी कोणाला दाखवत नसे. मी पटकन जपानीत म्हटलं की पाहुण्या विचारतायत, परसातल्या झाडाला यंदा फळं किती आली.

मालकीणबाईंची सुई थांबली नाही. म्हणाल्या, "मिझुशिमा-सान, एवढं इंग्रजी मला कळतं."

मग म्हणाल्या, दोन. एक टोकियोत असतो. दुसरी मुलगी होती, एक रात्रच होती. चिहारु नाव ठेवलं होतं.

मी हे इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं आता इतुराल्देबाई माफी मागतील, वाकतील, पुस्तकात असेल ते करतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी हातातली उशी खाली ठेवली आणि विचारलं, "केस होते का डोक्यावर?"

मालकीणबाईंनी मान वर केली. मी इतकी वर्षं त्या घरात वावरतोय, पण तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. म्हणाल्या, "होते. खूप होते. काळेभोर, ओले." आणि हाताने कपाळावर दाखवलं, इथपर्यंत. मग बाईंनी विचारलं वजन किती होतं, आवाज कसा होता, कोणासारखी दिसत होती, आणि मालकीणबाई सांगत होत्या, सांगत होत्या... नाक यांच्यासारखं, म्हणाल्या, आणि मुठी इतक्या घट्ट की उघडेनात. मी भाषांतर करत होतो आणि मधेमधे दोरा ओवायचं निमित्त करून खाली बघत होतो. दोघी रडल्या वगैरे नाहीत. दोन बायका एका बाळाबद्दल बोलतात तशा बोलत होत्या, एवढंच.

दारात मालक उभे होते. हातात त्या दिवशीच्या परतभेटीचा डबा. कधीपासून उभे होते कोण जाणे.

मालकीणबाईंनी त्यांना बघितलं. म्हणाल्या, "अहो, ती गेली तेव्हा आपण घंटा वाजवली. रोज वाजवतोय. पण ती आली तेव्हा कोणीच काही वाजवलं नव्हतं."

मालकांनी डबा हळूच दाराशी ठेवला आणि गेले. त्या संध्याकाळी निरोपाला आले, वाकले, टॅक्सी फाटकापलीकडे गेली, वळली, दिसेनाशी झाली, मी सरळ झालो, बाकीचे सरळ झाले, मालक तसेच. मी म्हटलं मालक, गेल्या त्या. तरी तसेच. मग मीही पुन्हा वाकलो. एकट्याला कसं सोडायचं?

सकाळी बघतो तर मालक जुने कपडे घालून भट्टीपाशी. मालक झाल्यापासून त्यांनी ओतकामाला हात लावला नव्हता. मला म्हणाले, "मिझुशिमा, बाईंना सांगा, विचार करतोय." ऐकलंत? 'करू' नाही. 'करतोय'. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हे पहिल्यांदा ऐकत होतो, मला भाषांतर करताना दोन्ही वाक्यांत फरक कसा दाखवावा कळेना, बाईंच्या दृष्टीने तर ते पहिल्यापासूनच विचार करत होते.

पहिली घंटा ओतली, घासली, टोल दिला. मालकांनी मान हलवली, ही जाणाऱ्याचीच वाजतेय. वितळवली. दुसरी पातळ केली, ती किरकिरली. वितळवली. मालक रोज भट्टीपाशी, तोंड काळं, कमरेचा पट्टा कुठेतरी काढून टाकलेला, कधी नव्हे ते कामगारांवर खेकसतायत, आणि इतुराल्देबाई बाजूला स्टुलावर बसून बघतायत. एकदा मालक अगदी टेकीला आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पंजा ठेवून म्हणाल्या, श्वास घ्या, घाई नको, येईल. मालकांनी श्वास घेतला. नवऱ्याच्या खांद्याला परक्या बाईने हात लावला म्हणून मी मालकीणबाईंकडे बघितलं, तर त्याही श्वास घेत होत्या.

शेवटी एक जमली. जरा लहान, काठ आत वळवलेला. मालकांनी मोगरी मालकीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी टोल दिला. आमच्या नेहमीच्या घंटेचा नाद कसा, संध्याकाळसारखा खाली खाली बसत जातो. हिचा तसा नव्हता. नाद झाला आणि सगळ्यांनी एकदम मान वर केली, कोणीतरी हाक मारल्यासारखी. मालकीणबाई ऐकत राहिल्या, पार विरेपर्यंत. मग म्हणाल्या, "हं. ही झोपू द्यायची नाही." आणि मालक, तुम्हाला सांगतो, मालक हसले.

इतुराल्देबाई घंटा मांडीवर घेऊन विमानात बसल्या, सामानात द्यायला तयारच नव्हत्या. आता तिथे रोज वाजते म्हणे. बाहेर बसलेले लोक पहिल्यांदा गप्प होतात आणि मग रडतात, असं त्यांनी फोनवर सांगितलं. शेजारच्या गावच्या प्रसूतिगृहालाही हवी आहे, त्याच्या पलीकडच्यालाही, आमची एक विझलेली भट्टी पुन्हा पेटलीय. सगळं छान झालं. इथे थांबायचं की नाही? फोन ठेवायच्या आधी मालक रीत म्हणून जे बोलायचं ते बोलून गेले. म्हणाले, "आम्हीही कधीतरी नक्की ऐकायला येऊ हं."

आणि मी ते भाषांतर करून टाकलं! तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, पण गेलं ते गेलं. चौथ्या दिवशी बाईंनी कळवलं, खोली तयार आहे, माणसं विमानतळावर येतायत, गावच्या बँडला सांगितलंय, पुढच्या महिन्यात. मालक पांढरे पडले. म्हणाले, काहीतरी मार्ग काढा मिझुशिमा, तुम्ही कॅनडात होतात ना. पण मार्ग कसला काढणार, मालकीणबाईंनी तोपर्यंत बॅग आणली होती. निळी, चाकांची. त्यांनी ती बैठकीच्या खोलीत आणून मधोमध ठेवली.

मग मालकांनी मला बोलावून विचारलं की तिथल्या रीतीभाती काय असतात, आपल्याकडून काही चूक नको व्हायला. मी माहिती काढली. तिथे म्हणे कोणी भेटलं की गालाला गाल लावून मुका घेतात. बायकांचा, पुरुषांचा, ओळखीचा, बिनओळखीचा, रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचा. मालकांनी आपला गाल एकदा चाचपला आणि म्हणाले, शिकवा.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत, नमुन्यांच्या खोलीत, दार लावून, आमचा सराव चालतो. मी उरुग्वे. मालक समोरून येतात, आधी वाकतात, मी म्हणतो वाकायचं नाही, मग डोळे मिटून, कार्ड द्यायला करतात तसे दोन्ही हात पुढे करून येतात, एकदा चष्मा माझ्या कानात गेला, एकदा आम्ही दोघंही एकाच बाजूला वळलो आणि ते तर मी कोणाला सांगणारच नाही. काल पहिल्यांदा नीट जमलं. गालाला गाल, हलकेच, अगदी साल्तोच्या माणसासारखं. मला खरंच अभिमान वाटला. मालकांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, गाल पुसला, रुमालाची पुन्हा घडी घातली आणि म्हणाले, "मिझुशिमा, उद्यापासून जरा दाढी घोटून येत जा."

येतो आता. रोज. दोनदा घोटून.